सालखांबाची तीट

एका राज्यात, जिथे वाळू संपून तुतीची बने सुरू होतात अशा ठिकाणी, एक जुनी मशीद होती. बाहेरून पाहाल तर मातीची बुटकी भिंत, एक मनोरा आणि मनोऱ्यावर करकोच्याचे घरटे. दूरचा वाटसरू दारात येई आणि मनात म्हणे, एवढ्यासाठी का इतकी तंगडतोड केली? मग तो जोडे काढी, मान लववून आत पाऊल टाकी, आणि बोलायचे विसरून जाई.

आत खांबांचे रान होते. प्रत्येक खांब वेगळ्या गावाने दिलेला, त्या त्या गावच्या सुताराने कोरलेला, म्हणून एकासारखा दुसरा नव्हता. एकावर द्राक्षांचे वेल चढत होते, एकावर डाळिंबे फुटून दाणे दिसत होते, एकावर नुसत्या लाटांवर लाटा होत्या. प्रत्येक खांब दगडी बैठकीवर उभा होता, आणि लाकडाला ओल चढू नये म्हणून बैठकीत उंटाची लोकर दाबून भरलेली होती. छताला दोन झरोके होते. त्यांतून उतरणारा उजेड खांबाखांबांतून सरके, सकाळी डाळिंबांवर असे, दुपार कलली की द्राक्षांवर जाई. समोर मेहराब होती, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला उंच कोनाडा. तिच्या फरशांवर निळ्या रंगाच्या इतक्या छटा होत्या की लोकांजवळचे शब्द संपत आणि छटा उरत. तिच्या माथ्यावर चुन्यात कोरलेली बारीक घरे मधाच्या पोळ्यासारखी ओथंबलेली होती. तुळयांवर लाल आणि हिरवी फुले रंगवलेली होती, ती बघताना मान दुखे आणि तरी खाली होत नसे.

लोकांनी प्रत्येक खांबाला नाव दिले होते. द्राक्षखांब, डाळिंबखांब, लाटखांब, आजीचा खांब. आणि ऐन मध्यावर एक होता सालखांब.

सालखांब वाकडा होता. त्याच्यावर कोरीव काम तर सोडाच, साधा रंधाही फिरला नव्हता. झाडाची साल जशीच्या तशी अंगावर होती. तो उंटवाल्यांच्या वाडीने दिला होता. त्या वाडीत सुतार नव्हता. विहिरीजवळ एक झाड होते, तेच त्यांनी तोडून दिले. बाकीच्या गावांचे लोक तोंड लपवून हसले, पण मशीद बांधणारा मिस्त्री हसला नाही. त्याने ते झाड हाताने चाचपले आणि म्हणाला, "हा मधे उभा करा. पोर देखणं झालं की आई गालाला तीट लावते. ही आपल्या मशिदीची तीट."

तेव्हापासून रीत पडली. आत येऊन जो कोणी तोंडाने "वा" म्हणेल त्याने सालखांबाला डावा हात लावायचा आणि म्हणायचे, दृष्ट न लागो. लाखो हातांनी त्याची साल एका जागी गुळगुळीत झाली होती. आणि वर्षाकाठी उंटवाल्यांच्या वाडीतून कोणीतरी लोकरीची पिशवी घेऊन येई, बैठकीतली जुनी लोकर काढी, नवी भरी, आणि आपल्या वाकड्या खांबाला पाठ टेकून थोडा वेळ बसे. त्या वाडीला दुसरी कसलीच मिरास नव्हती.

आता त्या राज्याच्या गादीवर राजा तोगाय बसला. त्याला क्रूर म्हटलेले चाले, लोभी म्हटलेले चाले. हसलेले मात्र चालत नसे. एके दिवशी पश्चिमेच्या राजाचा वकील मशीद पाहायला आला. राजा त्याला घेऊन आत गेला, आणि जोडे न काढता गेला! म्हाताऱ्या माणसांनी खाली बघितले. वकिलाने खांब पाहिले, छत पाहिले, मेहराबीसमोर उभा राहून डोळे पुसले. मग मध्यावर येऊन थबकला आणि त्याला हसू आले. "राजा, हे सरपण इथे कोणी ठेवले?"

झाले. एवढ्याशा हसण्याने एका राजाचे तोंड काळेठिक्कर पडले. त्याच पावली त्याने सुतार बोलावले आणि सालखांबाचे तीन तुकडे करायला लावले. ज्या खांबाला हात लावून आजवर आया आपली लेकरे घरी नेत होत्या, तो त्याने कांद्यासारखा कापला. सांगतानाही अंगाचा तिळपापड होतो. अरे, मशीद काय तुझ्या वाडवडिलांनी बांधली होती? त्यात तुझा एक तरी खांब होता का?

खांब निघाला आणि तुळई कुरकुरली. रंगवलेली फुले तडकून खाली पडू लागली. आत माणसे होती, बायका होत्या, पोरे होती. त्याच वेळी उंटवाल्यांच्या वाडीचा तुरसून लोकरीची पिशवी घेऊन दारात आला होता. त्याने पिशवी टाकली, धावत मध्यावर आला, रिकाम्या बैठकीवर चढला आणि तुळईखाली खांदा दिला. तुळई थांबली.

तुरसून म्हणाला, "हुजूर, आमचा खांब परत आणवा. तोवर मी धरतो."

वकील म्हणाला, "वा! काय माणूस आहे!"

राजाला पुन्हा झोंबले. त्याच्या मागे त्याचा जादूगार कुझाक उभा होता. राजा त्याला म्हणाला, "ह्याला इतका आवडतो ना खांब? मग ह्यालाच खांब कर. सोन्याचा कर."

कुझाकने मंत्र म्हटला. तुरसूनच्या पायांच्या बोटांना सोने लागले. कुझाक म्हणाला, "महाराज, जो कोणी ह्याच्याकडे बघून वाहवा म्हणेल त्याच्या वाहवेने सोने वर चढेल. डोळ्यांवर गेले की हा कायमचा खांब. मात्र मंत्राला एक फट ठेवावी लागते, नाहीतर तो मांत्रिकावर उलटतो. तुम्ही स्वतः चारचौघांत ह्या खांबाला नाव ठेवाल, तर सोने उतरेल."

राजा खो खो हसला. "माझ्याच सोन्याच्या खांबाला मी नाव ठेवीन? नाव ठेवायला जागा तरी आहे का ह्यात?"

मग त्याने दारात भालेकरी उभे केले. हुकूम असा की, आत येणाऱ्या प्रत्येकाने सोनखांबासमोर उभे राहून वाहवा म्हटल्याशिवाय बाहेर जायचे नाही. दृष्ट न लागो म्हणण्याला बंदी. तीट निघाली आणि मशिदीला खरोखर दृष्ट लागली. निळ्या फरशा एकेक करून राखाडी होऊ लागल्या. पण लोक येत राहिले, कारण डोळ्यांची भूक कोणाला आहे नि कोणाला नाही? ते येत, बघत, वाहवा म्हणत आणि जात. बिचाऱ्यांना काय ठाऊक की आपण एका माणसाला पुरतो आहोत?

तुरसूनला एक मुलगी होती, मोहिरा. बाप परतला नाही म्हणून तिने उंटिणीवर गालिचे लादले, वाडीने सणासाठी विणलेले, आणि ती शहरात आली. मशिदीच्या दारात जोडे काढले आणि आत पाऊल टाकले. ती आयुष्यात प्रथमच तिथे येत होती. समोर खांबांचे रान, झरोक्यातून पडलेला उजेड, आणि त्या उजेडात झळझळणारा एक सोन्याचा खांब.

"वा!" मोहिरा म्हणाली. मनापासून म्हणाली. आणि वाडीत शिकवल्याप्रमाणे डावा हात पुढे करून सालखांब शोधू लागली.

"पोरी," सोनखांब म्हणाला, "आता नको बोलूस."

तिने वर पाहिले. खांबाला तिच्या बापाचा चेहरा होता. सोने त्याच्या डाव्या कोपरापर्यंत आलेले होते, तिच्या त्या एका शब्दाने ते बोटभर वर सरकले होते.

"बाबा! हे कोणी केलं?"

"राजानं. आणि थोडं तू. तुझी चूक नाही, तुला माहीत नव्हतं."

"चला इथून. मी ओढते तुम्हाला."

"मी हललो तर छप्पर खाली येईल. बघ खाली कोण कोण आहे ते."

मोहिराने पाहिले. एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. एक आजोबा तुळईकडे बोट दाखवून कोणाला तरी फुले मोजून दाखवत होते.

तुरसून म्हणाला, "आपला खांब आण. तो इथं उभा राहिला तर मी हलेन. नाहीतर नाही."

मोहिरा बाहेर आली. दारातल्या भालेकऱ्याने विचारले, "वाहवा म्हटलीस का?" ती म्हणाली, "म्हटली. जन्मभर पुरेल एवढी म्हटली." आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून संतापाने रडली. राजावर रडली त्याहून जास्त आपल्या जिभेवर रडली.

मनोऱ्यावरचा करकोचा खाली वाकून बोलला. त्या राज्यात करकोचे बोलत, पण क्वचित, कारण ऐकण्याजोगे कोणी बोलत नाही अशी त्यांची तक्रार असे.

"रडणं झालं की सांग. मला इथून सगळं दिसतं आणि कुझाकचा मंत्रही मी ऐकला आहे."

"सांगा, करकोचेबुवा."

"सालखांबाचे तीन तुकडे आहेत. बुंधा राजाच्या तबेल्यात आहे, मधला मुदपाकखान्यात आणि शेंडा कुझाकच्या तळघरात. ते आणलेस तर छप्पर वाचेल. पण सोनं उतरायला राजानं स्वतः त्या खांबाला नाव ठेवलं पाहिजे. तेवढं मात्र व्हायचं नाही. स्वतःच्या वस्तूला नाव ठेवणारा राजा मी अजून पाहिला नाही, आणि माझं वय तू विचारू नकोस."

"आधी खांब आणते," मोहिरा म्हणाली. "राजाचं मग बघू."

ती तबेल्यात गेली. सालखांबाचा बुंधा तिथे घोड्यावर चढताना पाय ठेवायला ठोकळा म्हणून ठेवलेला होता. म्हणजे ज्याला लोक हात लावत त्याच्यावर राजा रोज चिखलाचा पाय देत होता! ठोकळ्यापाशी राजाचा पांढरा घोडा बांधलेला होता.

"कोण तू?" घोडा म्हणाला. "काय पाहिजे?"

"हा ठोकळा."

"फुकट मिळणार नाही. रस्त्यानं चाललो की लोक ओरडतात, राजा काय शोभतो घोड्यावर! घोड्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्याबद्दल एक खरा शब्द बोल आणि घेऊन जा."

मोहिरा आधी मागे सरली. नुकताच एक शब्द बोलून तिने बापाला बोटभर पुरले होते. पण जनावर तिला ठाऊक होते, तिचा जन्म जनावरांत गेला होता. तिने डावा हात ठोकळ्याच्या सालीवर ठेवला आणि म्हणाली, "तू बांधलेला आहेस, तरी मान उंच आहे. दावणीला उभा राहून कान वाऱ्याकडे ठेवतोस. असा घोडा आमच्या वाडीनं पाहिला नाही. दृष्ट न लागो."

घोड्याचे काही झाले नाही, त्याचे सोने झाले नाही, दगड झाला नाही. तो नुसता फुरफुरला आणि बाजूला सरकला.

"घेऊन जा."

"मग राजा कसा चढेल?"

"बादली उपडी करील आणि चढेल. मला काय त्याचं?"

मोहिराने बुंधा गालिच्यात गुंडाळला आणि उंटिणीवर लादला. मनोऱ्यावरून करकोचा ओरडला, "छातीपर्यंत आलं! आज यात्रेकरूंचा तांडा आला होता. पाय उचल!"

मुदपाकखान्यात रोहतबीबी नावाची राजाची स्वयंपाकीण होती. तिचे दंड कणीक मळून मळून दणकट झाले होते आणि तोंडही काही कमी नव्हते. सालखांबाचा मधला तुकडा तिच्यापुढे खाटीककामाचा ओंडका म्हणून होता, आणि ती त्याच्यावर मेंढीचे हाड तोडत होती.

"बीबी, हा ओंडका मला द्याल?"

"ने बाई, ने! मेला साल सोडतो. परवा राजाच्या पुलावात सालीचा तुकडा सापडला, तर भांडं माझ्या अंगावर फेकलं. कुठून आणून ठेवलाय कोण जाणे."

"मशिदीतून. हा सालखांब आहे."

रोहतबीबीचा सुरा हवेतच थांबला. तिने ओंडका उलटा केला. खालच्या बाजूला हातांनी गुळगुळीत झालेली जागा होती. तिने आपला डावा हात त्या जागेवर ठेवला, आणि तो तिथे नेहमीसारखा नेमका बसला.

"या अल्ला," ती हळू म्हणाली. "माझ्या लेकीला मी इथं हात लावून घरी नेलं. लेकाला नेलं. आणि ह्याच्यावर मी मांस तोडत बसले? त्यानं मला तोडायला लावलं?" मग तिचा आवाज चढला. "अगं, परवा सुनेला मुलगा झाला! मी म्हणतेय, मशिदीत नेऊ, सालखांबाला हात लावू आणि मग पोराला नाव ठेवू. कुठं नेऊ आता त्याला? कशाला हात लावू? त्या पिवळ्या धोंड्याला?"

असे म्हणून तिने चुलीवरचा राजाचा पुलाव उचलून मोरीत ओतला. भात, मांस, बेदाणे, केशर, सगळे. त्या राज्यात पुलाव फेकणे हे मोठे पाप आहे, पण त्या दिवशीचे ते पापात धरू नये.

मोहिरा मात्र जागच्या जागी उभी राहिली होती. "बीबी, काय म्हणालात तुम्ही? पोराला काय?"

"नाव ठेवू म्हणाले. बिननावाचं का ठेवायचं लेकरू?"

"नाही," मोहिरा म्हणाली. "बिननावाचं नाही ठेवायचं." आणि रडल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आले. रोहतबीबीने तिला ओंडका धुऊन, पुसून, फडक्यात बांधून दिला.

करकोचा ओरडला, "गळ्यापर्यंत! आवाज बसला त्याचा!"

कुझाकच्या तळघराला दार नव्हते, जिना होता आणि जिन्याच्या तळाशी नाग होता. नागाच्या मागे खजिना होता. सुरया, समया, तबके, हंड्या, माणकांचे तुरे, सगळे झगमगत होते. सालखांबाचा शेंडा कोपऱ्यात पडलेल्या एका पेटीला अडसर म्हणून लावलेला होता.

नाग म्हणाला, "मोहिरा, तुरसूनची मुलगी. इथलं जे सुंदर वाटेल त्याला सुंदर म्हण आणि घेऊन जा. असा इथला नियम आहे."

मोहिराने सुरईकडे पाहिले. सुरईला माणसासारखी मान होती. समईला हात होते, ते जोडलेले होते. आणि तबकात, नीट पाहिले तर, एक घाबरलेला चेहरा होता. हे सगळे आधी आले होते, त्यांनी सुंदर म्हटले होते.

"मला तो अडसर हवा," ती म्हणाली.

"तो? तो सुंदर आहे?"

"नाही. वाकडा आहे. गाठी आहेत, एका बाजूला किडीनं खाल्लाय, आणि वास येतो."

"मग कशाला हवा?"

"आमचा आहे."

नागाने फणा डोलवला. त्याच्या नियमात ह्याला उत्तर नव्हते. सुंदर म्हणणाऱ्यांचे काय करायचे ते त्याला शिकवलेले होते, आपले म्हणणाऱ्यांचे कोणी शिकवले नव्हते. मोहिराने अडसर खांद्यावर घेतला, जिना चढली आणि मागे वळून बघितले नाही.

सणाचा दिवस उजाडला. सगळे शहर मशिदीत लोटले. मोहिरा खांबाचे तिन्ही तुकडे आत गुंडाळलेले आपले गालिचे घेऊन आली, आणि भालेकऱ्यांनी ते सणाचे म्हणून आत सोडले. रोहतबीबी तिच्याबरोबर होती, कडेवर बिननावाचा नातू घेऊन. लोक सणाच्या गडबडीत होते. दोघींनी गालिचे उलगडले. जुन्या दगडी बैठकीशेजारी, त्याच तुळईखाली, तुरसूनच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बुंधा उभा केला. तळाशी तुरसूनच्या पिशवीतली लोकर दाबली, ती पिशवी अजून दारातच पडलेली होती. बुंध्यावर लोकर, त्यावर मधला तुकडा. त्यावर लोकर, त्यावर शेंडा, तो दोघींनी उंटिणीच्या दोराने खेचून वर चढवला. मग साल झाकायला भोवती गालिचा गुंडाळला.

सोने तुरसूनच्या ओठांवरून वर गेले होते. तो आता बोलत नव्हता. फक्त डोळे उरले होते, आणि डोळे मुलीकडे बघत होते.

राजा तोगाय वकिलाला घेऊन आला. ह्याही खेपेला जोड्यांसकट. मागे कुझाक होता. राजा सोनखांबासमोर उभा राहिला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "सगळ्यांनी एकदम म्हणा!"

एवढ्या लोकांनी एकदम वाहवा म्हटली असती, तर तुरसूनचे डोळे मिटले असते आणि ही कथा इथेच मिटली असती. पण लोकांनी श्वास घेतला तेवढ्यात मोहिरा पुढे आली.

"हुजूर, कशाला वाहवा म्हणू?"

राजा चिडला. "डोळे नाहीत तुला? ह्या खांबाला!"

"कोणत्या खांबाला? तो द्राक्षखांब आहे, तो डाळिंबखांब. तो लाटखांब आणि तो आजीचा. साऱ्या पोरांनाही पाठ आहेत. हाच एक बिननावाचा. उद्या कोणी दूरदेशी विचारलं, तिथं काय पाहिलंत, तर माणसानं काय सांगायचं? पाहिलं काहीतरी पिवळं?"

लोकांत खसखस पिकली. राजाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

वकील म्हणाला, "खरेच की. मलाही माझ्या राजाला सांगायचे आहे. काय नाव ठेवलेत?"

कुझाक एकदम ताठ झाला. "महाराज, थांबा—"

पण हसू ऐकल्यावर राजा तोगाय थांबत नसे. त्याने छाती फुगवली आणि साऱ्या मशिदीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्या खांबाला मी नाव ठेवतो, तोगायखांब!"

राजाने स्वतः नाव ठेवले. चारचौघांत ठेवले. मंत्राने दुसरे काही मागितलेच नव्हते.

तुरसूनच्या डोळ्यांखालून सोने ओघळू लागले. गाल सुटले, गळा सुटला, छाती सुटली. तो एक पाऊल मागे झाला. तुळई कुरकुरली, वाळूच्या दाण्याएवढी खाली बसली आणि सालखांबावर टेकली. गालिचा गळून पडला. वरच्या भाराने लोकर दबली, तिन्ही तुकडे एकमेकांवर नीट बसले, आणि कापलेल्या जागांवर साल पुन्हा धरली. झरोक्यातला उजेड त्याच्यावर आला. मेहराबीच्या राखाडी फरशांत आधी एक निळी झाली, मग तिच्या शेजारची, मग सगळी भिंत.

ओघळलेले सोने जमिनीवर पसरले आणि वाट शोधू लागले. मशिदीत सगळे अनवाणी होते. एकच माणूस जोडे घालून उभा होता. सोने त्याच्या जोड्यांत शिरले आणि थिजले.

राजाने पाय ओढला, निघेना. हिसका दिला, निघेना. त्याने कुझाकला हाक मारली. कुझाकने मंत्रासाठी तोंड उघडले तर त्यातून फक्त "वाहवा" निघाले. त्याने पुन्हा प्रयत्न केला. "वाहवा!" त्याच्या मंत्राला आता दुसरा शब्दच उरला नव्हता. पुढे बरीच वर्षे तो बाजारात फिरे, आणि टरबूज बघून, गाढव बघून, चिखल बघूनही वाहवा म्हणे. त्याच्या तळघरातल्या सुरया आणि समया त्याच दिवशी हातपाय झाडत जिना चढून वर आल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

शेवटी राजाला जोड्यांतून पाय काढावे लागले. त्या मशिदीत तो पहिल्यांदा अनवाणी उभा राहिला. कोणी त्याला मारले नाही, कोणी शिवी दिली नाही. रोहतबीबी तेवढी पुढे झाली आणि म्हणाली, "हुजूर, आता रीतीप्रमाणे. डावा हात."

राजाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. भालेकऱ्यांनी भाले भिंतीला टेकवून ठेवले होते. त्याने सालखांबाला हात लावला. मग दारातून बाहेर पडला आणि गरम वाळूवरून उड्या मारत गेला. त्या दिवसापासून त्या राज्यात मशिदीचा कारभार खांब देणाऱ्या गावांनी पाहिला, आणि गादीवर आलेल्या प्रत्येकाने आधी दारात जोडे काढले. सोन्याचे ते जोडे उचलून अंगणात ठेवले आहेत. त्यांत पाणी साठते आणि चिमण्या पितात.

रोहतबीबीने नातवाचा हात सालखांबाला लावला. आता तुम्ही विचाराल, पोराला नाव काय ठेवले? तुरसून.

आणि मोठा तुरसून? तो खांबाला पाठ टेकून बसला होता, वर्षाकाठी बसे तसा. मोहिरा त्याच्या अंगावरचे उरलेसुरले सोने चाचपून बघत होती. सगळे उतरले होते. फक्त डाव्या कोपरावर बोटभर पट्टा तसाच होता. तिने घासला, नखाने खरवडला, निघेना.

"बाबा, हे माझं आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांनी हुकमानं म्हटलं होतं. मी खरं म्हटलं होतं. म्हणून हे जात नाही."

तुरसूनने कोपर वळवून पाहिले. नीट पाहिले, उजेडात धरून.

"राहू दे," तो म्हणाला. "तीट आहे ती."

करकोचा पंख पसरून घरट्यात बसला, आणि ज्याने त्याने आपापले जोडे दारातून शोधून पायांत घातले. तुम्हीही आपले शोधा आणि घरी जा. जाताना सालखांबाला हात लावायला विसरू नका.